आधी इंजिन

जावयाचा हिशेब साधा होता: जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसलं की टोमणेखोर सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी “वा!” निघेल. मेकॅनिक भावानं टप्पे आखून दिले होते: आधी ब्रेक, मग गिअरबॉक्स, इंजिन सगळ्यात शेवटी. “दादा, ब्रेक कुणाला दिसतात का?” म्हणत यानं इंजिनच आधी बसवून घेतलं. आवाज ऐकून सासरे बाहेर आले. “वा, जावईबापू! आणा किल्ली.” लेकीला म्हणाले, “चल गं, तूही बस.” ब्रेक जुनेच आहेत, एवढंच जावयानं सांगायचं होतं. पण शाबासकी आत्ताच पदरात पडली होती. सांगितलं तर जन्मभर टोमणे. “जरा बेतानं हं,” म्हणत त्यानं किल्ली दिली. उतारावरच्या वळणाला ब्रेक पुरलेच नाहीत. सासरे हात गळ्यात बांधून परतले. घाई जावयाची, हौस सासऱ्यांची. जीव गेला तो दोघांवर विसंबलेल्या लेकीचा.