किडनी वॉर्डाची डाळ

"कागदावर आलंय तेवढंच मीठ टाका. अक्कल चालवायचा पगार नाही मिळत तुम्हाला," आहारतज्ज्ञ पेंढारकर मॅडम स्वयंपाकिणीवर कडाडल्या.

रुग्णालयाच्या पाककृती कालच नव्या संगणकावर आणल्या होत्या. त्यावरून छापलेल्या कागदाप्रमाणेच किडनीच्या रुग्णांच्या डाळीत मीठ पडलं. स्वयंपाकीण शेवंताबाईंनी ती चाखली आणि खारट लागताच अख्खं पातेलं मोरीत ओतलं.

मॅडमनी तणतणत जुना संगणक उघडला. तिथल्या मापातले छोटे चमचे नव्यात मोठे झाले होते, मीठ तिप्पट. त्यांनी माप सुधारलं आणि डाळ वाया घालवल्याचा मेमो शेवंताबाईंपुढे सरकवला.

"यात मीठ किती होतं तेही लिहा, मग सही करते," शेवंताबाई म्हणाल्या.

मॅडमनी मेमो चुरगळला. "उद्यापासून तुम्ही भांडी घासायला."

"घासते. पण डाळ मी चाखल्याशिवाय वॉर्डात जाणार नाही."