वीस मिनिटांचं श्राद्ध

घरचे उपाध्याय गुरुमूर्ति वाध्यार यांनी आधी पाय धुतले, मग पाटावर बसून समोरच्या टेपरेकॉर्डरकडे असे पाहत राहिले, की जणू तोच आजचा यजमान. तसा तो होताच म्हणा. खरा यजमान, त्यागराज, अमेरिकेत शिकत होता. त्याच्या आईचं पहिलं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात यायचं होतं. पोराला येणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या वडिलांनी, हनुमंतरावांनी, तोड काढली होती. उपाध्यायांनी मंत्र कॅसेटमध्ये भरून द्यायचे. एक ओळ म्हणायची, पोराला ती म्हणता येईल इतका वेळ गप्प राहायचं, मग पुढची.

दुपारचे दोन वाजले होते. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीतली ती गल्ली उन्हानं सुन्न पडली होती. वाध्यार सकाळपासून दोन घरची श्राद्धं उरकून आले होते, डोळे मिटायला आले होते. हनुमंतरावांचं विचाराल तर ते वर्षभर थकलेलेच होते. एकट्यापुरता भात शिजवायचा, एकट्यानं खायचा, एवढ्यानंही माणूस दमतो.

पोराचं पत्र त्यांच्या मांडीवर होतं. पहिल्या पत्रांत कसा रडकुंडीला आलेला असायचा. जेवण घशाखाली उतरत नाही, वर्ग सापडत नाहीत, थंडीनं ओठ फुटलेत. आता लिहितो, ‘इथे सगळी घडी बसली आहे.’ पोरगं रुळलं याचा बापाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यात शेवटची ओळ होती: ‘श्राद्धाचं जमलं तर नक्की करतो.’

त्या ‘जमलं तर’नं हनुमंतरावांची झोप उडवली होती. जरा काही अवघड निघालं की पोरगं कॅसेट कपाटात टाकणार, आणि आईच्या नावानं पाण्याचा थेंबही पडणार नाही. त्याला जमलंच पाहिजे असं काहीतरी आज वाध्यारांकडून करून घ्यायचं होतं.

“पहिला होम,” वाध्यार म्हणाले.

“होम नक्को. छताला एक यंत्र आहे मणे. जरा धूर झाला की बोंबलतें, आणि अस्की इमारत, एकूण एक माणूस, रस्त्यावर उतरते.”

“केळीचं पान?”

“मिळत नाहीं.”

“पिंड तरी करेल? पण मग कावळ्याला कोटें ठेवणार?”

“खिडकी उघडत नाहीं. बाराही महिने बंद.”

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे तर श्राद्धाचीही तीच गत. वाध्यारांनी तोंडावरून हात फिरवला.

“राव, मग उरलें काय?”

“पाणी आहे. काळे तीळ मी पार्सलांत घालतों.”

“आणि वेळ?”

हनुमंतरावांनी पत्राची घडी उगाच पुन्हा नीट केली. “वीस मिनिटं. खोलींत आणखी दोघे आहेत. ते न्हाणीघर सोडतील तेव्हां ह्याची आंघोळ, आणि आठाला वर्ग.”

एवढं बोलताना त्यांना लाज वाटली. वाध्यार रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. “तर्पण करूं,” एवढंच म्हणाले. “तेवढं बसेल.”

वीज गेलेली होती. हनुमंतरावांनी यंत्रात नवे सेल घातले, बटण दाबलं आणि खोकला यायला नको म्हणून उपरण्याचं टोक तोंडावर धरलं. वाध्यारांनी आचमन सांगितलं, थांबले. संकल्प सांगितला, थांबले. आंगठ्यावरून पाणी कसं सोडायचं ते सावकाश समजावलं. प्रत्येक मोकळ्या जागेत हनुमंतरावांना पोरगं दिसत होतं. जमिनीवर मांडी घालून बसलेलं, समोर तसराळं, मनगटावर घड्याळ. घड्याळ काढून ठेवायला सांगायचं राहिलं, असं त्यांना वाटलं. पण मध्ये बोलायची सोय नव्हती.

“भारद्वाजगोत्रां शिवकामीनाम्नीम्…” वाध्यार म्हणाले आणि थांबले.

“शिवकामी,” हनुमंतराव म्हणाले.

बोलून गेल्यावर तेच दचकले. त्या घरात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नसत. एकतीस वर्षं ते तिला ‘अगे’ म्हणत आले. परक्यांपुढे ‘घरांतली’, पोरापुढे ‘तुझी आई’. ती गेल्यावर नगरपालिकेच्या कारकुनानं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी मेव्हण्याला पुढे केलं होतं. मेव्हण्यानं सांगितलं, आणि ते बाजूला भिंतीकडे पाहत उभे राहिले होते. आज ध्यानीमनी नसताना उपरण्याच्या आडून नाव बाहेर पडलं. आवाज मोठा नव्हता, पण यंत्रात शिरण्याइतका होता.

वाध्यारांनी बटण दाबून यंत्र थांबवलं.

“राव, ही जागा पोराची. मागें नेऊन पुसतों, पुन्हा मणतों.”

त्यांचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं. हनुमंतरावांनी त्यांचं मनगट धरलं.

“नक्को. राहूं द्या.”

“असं मधें आलेलं चालत नाहीं. तो गोंधळेल.”

“गोंधळूं दे,” हनुमंतराव म्हणाले. “माझ्या तोंडून हें नांव त्याणें कधीं ऐकलें नाहीं. ऐकलें मणजे अर्ध्यांतून उठून वर्गाला जाणार नाहीं.”