डावा कल्ला

डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला म्हातारा दवाखान्यात शुद्धीवर आला, तेव्हापासून त्याला काहीच आठवत नव्हतं. खाटेच्या पाटीवर एक नाव होतं. ते त्याचंच, असं सगळे सांगत होते. उशाशी बसलेली बाई म्हणाली, "अहो, मी तुमची बायको." जीव मुठीत धरून त्यानं होला हो केलं. नाही म्हटलं आणि तीही उठून गेली तर?

चौथ्या दिवशी तिशीतला एक माणूस येऊन त्याच्यावर वाकला. "बाबा, मी कोण, सांगा बघू?"

पांघरुणाखाली म्हाताऱ्याचे हात लटलटा कापायला लागले. तो चेहरा त्यानं जन्मात पाहिलेला नव्हता. डोळ्यांतलं पाणी लपवायला त्या माणसानं मान वळवली.

तसा म्हाताऱ्याचा हात पांघरुणातून बाहेर आला. त्यानं त्या माणसाची हनुवटी चिमटीत धरली, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे फिरवला आणि कानापासून खाली अंगठा सरकवत नेला. हात आता जराही कापत नव्हता.



"डावा कल्ला खाली आलाय," तो कडाडला. "आपलं दुकान असताना दुसरीकडे केस कापून आलास? मी काय मेलो होतो?"