गरीब गाय

उजव्या हाताला पट्टी बांधलेली रखवालदार बाई डाव्या हाताने कड्याखालची नवी पाटी रंगवत होती: ‘चढाईच्या जागेत कुत्र्यांना बंदी’.

दोर खांद्यावर टाकून कुत्र्यासोबत आलेल्या गड्याने ती वाचली आणि आवाज चढवला. “एकाच्या पापाची शिक्षा सगळ्यांना? आमचा कुत्रा म्हणजे गरीब गाय. आणि आम्ही तर इथे आजच पहिल्यांदा येतोय.”

बाईने ब्रश खाली ठेवला. “ये रे ढब्बू.”

कुत्रा शेपटी हलवत तिच्याकडे गेला.

“नाव कसं कळलं?” त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“त्या दिवशी तुम्हीच वर दोराला लटकून ओरडत होतात ना, ‘ढब्बू, सोड तिला’ म्हणून.”

त्याला आता कुत्र्याकडेही बघवेना.

“त्यानं लगेच सोडलं हो,” कुत्र्याला कुरवाळत बाई म्हणाली. “पळालात ते तुम्ही.”