रक्तगटाचं प्रात्यक्षिक

"मॅडम, माझं जुळूनच नाही राहिलं," शिवांगी उभी राहून म्हणाली. "बाबांचा एबी, आईचा ए. माझा ओ आला."

राजश्री मॅडम तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "एबीवाल्याला ओचं लेकरू होतच न्हाई. परवाच शिकवलं की मॅडमनी."

शिवांगी हळूच खाली बसली.

लातूरच्या त्या ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या जीवशास्त्राचं नियोजन राजश्रीकडेच होतं. आनुवंशिकतेचा धडा पोरं नुसती घोकतात, म्हणून यंदा तिनं हट्टानं घरच्यांच्या रक्तगटांचं प्रात्यक्षिक घातलं होतं. प्राचार्यांनी पाठ थोपटली होती. आता तिला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी शिवांगी आली नाही. कॉलेज सुटल्यावर राजश्री तिच्या घरी गेली. शिवांगीचे वडील मन्मथअप्पा दारातच उभे राहिले. आत या म्हणाले नाहीत.

"ओलं बाळ असताना दत्तक आणलं तिला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सांगणारच होतो आम्ही. पण आमच्या तोंडानं. तुम्ही भर वर्गात सांगून बसलात, मॅडम. कालपासून जेवली न्हाई पोरगी. सारखं विचारून राहिली."

धरणीनं पोटात घ्यावं, असं झालं राजश्रीला.

"तपासणीचं औषध खराब निघालं, असं सांगते मी उद्या वर्गात," ती कशीबशी म्हणाली. "पाठवा तिला."

मन्मथअप्पांनी हात जोडले. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिनं तसं सांगितलं. प्रात्यक्षिकही नियोजनातून काढून टाकलं. शिवांगीचा चेहरा एकदम खुलला, मैत्रिणीला कोपरानं ढोसून ती हसली. राजश्री फळ्याकडे वळली आणि उगाच पुसत राहिली.

रविवारी ती किल्लारीला माहेरी गेली. आई रानात गेली होती. वडील, शेषेराव, ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"ज्या विषयावर पोट भरते, त्यातच खोटं बोलले, अण्णा. आज ना उद्या तिला कळणारच. मग काय म्हणेल ती मला? तिचं खरं तिला कळायला पाहिजे होतं, न्हाई का?"

शेषेरावांचे हात थांबले. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

"कळायला पाहिजे म्हणतीस?"

"हाव."

"मग ऐक, माय. तू बारावीला होतीस, तवा तुझे जीवशास्त्राचे सर आले होते इथं. तुझा गट ओ, माझा एबी. सर म्हणले, 'शेषेराव, पोरीनं विचारलं तर ओ सांगत जा.' तवापासून मी ओच सांगून राहिलो."