कपाटातली वांगी

"काही नाही," म्हणून बाबांनी हॉट वॉटर कपबोर्डचं दार लावलं. सुचित्राने चहा गाळता गाळता मोजलं. आज अठरावा दिवस.

ऑगस्टच्या थंडीत न्यूझीलंडमधल्या, हॅमिल्टनच्या त्या घरात फुकटची ऊब काय ती गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातच. सासूबाई दर वर्षी वांग्याची रोपं तिथेच करायच्या, म्हणजे वसंतात वाफ्यात लावायला तयार. मागच्या मोसमातल्या शेवटच्या वांग्याचं बी त्यांनी राखेत घोळवून, पुडीत घालून लाल दोऱ्याने बांधलं होतं. त्यांची गाठ कात्रीशिवाय सुटत नसे. मार्चमध्ये त्या गेल्या. पुडीला बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. पेरलंही त्यांनी एकट्यानेच, गॅरेजचं दार लावून.

त्याच दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "रोपं आली तर थांबतो. नाहीतर पुण्याला जातो."

पुण्यात बंद फ्लॅट आणि पंचाहत्तरीचे एकटे बाबा. तिच्या नवऱ्याने, हरीशने कपाळाला हात लावला, दोनदा वडिलांना समजावलं आणि तो 'ते रापा' भागातल्या दुधाच्या फॅक्टरीत आपल्या शिफ्टला गेला. उरली सुचित्रा.

ती दमली होती. नोकरी, इराची शाळा, बाबांचं पथ्य आणि त्याहून जड म्हणजे त्यांचं गप्प बसणं. गेले तर जरा उसंत मिळेल, असं एकदा मनात आलंही आणि तिची तिलाच लाज वाटली. ट्रेला पाणी घालायचंसुद्धा बाबांच्या लक्षात राहायचं नाही. तेही तीच शिंपडायची.

आठवड्यापूर्वी तिने दुकानातून वांग्याचं बी आणून ऑफिसात, प्रिंटरमागच्या उबेला, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरलं होतं. ते उगवलं. बाविसाव्या दिवशी बाबा फिरायला गेल्यावर तिने चमच्याने सहा रोपं त्यांच्या ट्रेमध्ये लावली.

बाबा आले. कपाट उघडून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग वळून तिच्याकडे बघितलं, तेही बराच वेळ.

"सहा आलीत, सुचित्रा."

"आईंच्या हातचं बी आहे, बाबा. येणारच होतं."

"हं," ते म्हणाले. "मग आता थांबायलाच हवं."

त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःहून चहा मागितला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच. सुचित्राला इतकं हलकं वाटलं की खोटं बोलल्याची टोचणीही तिने आनंदाने सोसली.

शनिवारी मशीन लावताना तिने सवयीने सगळ्यांचे खिसे चाचपले. बाबांच्या बंडीच्या आतल्या खिशात पुडी होती. लाल दोऱ्याची गाठ सासूबाईंनी मारली होती, तशीच.