चोवीस तासांच्या आत

निवृत्त निरीक्षकाने अधिसूचना दोनदा वाचली, तिची होती तशी घडी घातली आणि संशोधिकेला परत दिली.

"आजपासून लागू?"

"आजपासून. आणि जुन्या सगळ्या नमुन्यांनाही," ती म्हणाली. "उद्या अकराच्या सुनावणीत पाकिटं फोडतील."

चार वर्षे ती एकाच प्रश्नाच्या मागे होती. प्रदूषणाचा कायदा अस्तित्वात असताना नदीकाठच्या जस्ताच्या कारखान्यावर एकदाही कारवाई का झाली नाही? उत्तर एका कलमात दडले होते. सांडपाण्याचा नमुना चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला नाही, तर तो बाद. त्याची तपासणी होई, पण आकडा मोहोरबंद पाकिटात जाई आणि चौकशी अपूर्ण राही. प्रयोगशाळा कारखान्यापासून दोन तासांवर होती. या गृहस्थांनी एकोणीस वर्षांत एकशे बारा नमुने घेतले आणि सगळेच्या सगळे पंचविसाव्या-सव्विसाव्या तासाला पोहोचवले. योगायोगाला एवढी शिस्त नसते.

सांडपाण्यातला कॅडमियम हा विषारी धातू एका दिवसात उडून जात नाही, हे तिने प्रयोगांनी दाखवून दिले. समितीने अहवाल स्वीकारला. कलम बदलले; चोवीस तासांची अट गेली.

निरीक्षकाची बायको पाण्याचा पेला ठेवून दारातच थांबली होती. "आता आणखी काय न्यायचं उरलंय, बाई? यांची बढती गेली. लेकीच्या सासरचे आमचा उंबरा चढत नाहीत."

संशोधिकेने खोलीवर नजर फिरवली. एक खाट, दोन खुर्च्या, ओल आलेली भिंत. लाचेचा पैसा दडवणारे असेच राहतात, असा निष्कर्ष तिने मनात नोंदवला.

"कुंपणानेच शेत खाल्लं, काकू. आमच्या वस्तीत तेवीस जणांची मूत्रपिंडं गेली. माझी आई आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडलेली असते. यांनी एक बाटली जरी वेळेत पोचवली असती ना…"

"तर काय झालं असतं?" निरीक्षकाने विचारले. आवाजात उपरोध नव्हता. तोंडी परीक्षेत विचारावे, तसे त्याने विचारले होते.

"कारखाना बंद झाला असता. आता उद्या होईल."

"मर्यादा बदलली का? दर लिटरला किती धातू चालतो, ती?"

"तो पुढचा टप्पा. एका वेळी एकच कलम हलतं. तेवढ्यालाच चार वर्षं गेली."

"सोडण्याआधी सांडपाण्यात चांगलं पाणी मिसळतात. ते अहवालात आलंय?"

"विषय बदलू नका."

"बरं. त्यांना आणखी दोन भट्ट्या उभारायच्या होत्या. त्याचं काय?"

"चौकशी पूर्ण झाल्याशिवाय तशी परवानगी देताच येत नाही. मला विचारताय? तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

"हो. मला ठाऊक आहे." त्याने अधिसूचनेकडे बोट केले. "हे आज मागे नाही घेता येणार?"

"तुमची भीती मी समजू शकते," ती कोरडेपणाने म्हणाली आणि तिने पिशवीतून टंकलिखित जबाब काढला. नमुन्यांना झालेला उशीर हेतुपुरस्सर होता, एवढेच एक वाक्य. तो नाकारेल, या अपेक्षेने तिने तीन युक्तिवाद तयार ठेवले होते. त्याने चष्मा लावला, वाचले आणि सही केली.

"अहो, काय करताय?" बायको पुढे आली.

"खरं आहे ते. खऱ्याखाली सही करायला काय जातं?"

तिन्ही युक्तिवाद तसेच राहिले. संशोधिकेने कागद ओढून घेतला. तिने ठरवून आणलेले प्रश्न संपले होते. उरलेला एक ठरवलेला नव्हता.

"कोणासाठी केलंत हे?"

निरीक्षकाने चष्मा काढून ठेवला.

"दर वेळी मी दोन बाटल्या भरायचो, बाई. दुसरी पदरमोड करून खासगीत तपासून घ्यायचो. मर्यादा ओलांडलेली निघाली, तर पहिली त्याच तासाला प्रयोगशाळेत पोचवायची, नाहीतर चौकशी अपूर्णच ठेवायची, असं ठरवलेलं होतं." त्याने पेनाला टोपण लावले. "एकशे बारांत तशी एकही निघाली नाही."